भ्रूणाच्या वाटेतले वळसे

प्रश्न असा: हेकेलनं काढलेली भ्रूणांची चित्रं खोटी निघाली, तरीही मासा, कोंबडी आणि माणूस एकाच पूर्वजाचे वंशज आहेत हे भ्रूणांवरून कळतं असं का शिकवलं जातं? आणि माणसाच्या भ्रूणाला खरंच कल्ले फुटतात का?

दुसऱ्या भागाचं उत्तर लगेच देते. नाही, माणसाच्या भ्रूणाला कोणत्याच टप्प्यावर कल्ले नसतात. पहिल्या भागाला मात्र जरा बैठक मारून उत्तर द्यावं लागेल, कारण तिथे बरीच पुस्तकं भलत्याच गोष्टीवर बोट ठेवतात. ‘बघा, भ्रूण किती सारखे दिसतात’, असं म्हणून ती थांबतात. मी पंचवीसेक वर्षं भ्रूणविज्ञान शिकवते आहे आणि माझं मत असं आहे की सारखं दिसणं हा या पुराव्यातला सगळ्यांत दुबळा भाग. भ्रूण आपल्या मुक्कामाला सरळ रस्त्यानं जात नाही. तो वळसे घेतो, आणि ते वळसे सगळ्या पृष्ठवंशीय प्राण्यांत त्याच त्याच ठिकाणी येतात. पुराव्याचं खरं वजन तिथे आहे.

आधी हेकेलचं मिटवून टाकू. अर्न्स्ट हेकेल हा जर्मन प्राणिशास्त्रज्ञ, डार्विनचा कट्टर पाठीराखा. १८६८ सालच्या आपल्या पुस्तकात त्यानं कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे कोवळे भ्रूण शेजारी शेजारी छापले. ती तिन्ही चित्रं एकाच ठशावरून उठवलेली होती. बाझेलच्या रूटिमायर या शास्त्रज्ञानं ही लबाडी लगेच पकडली आणि पुढच्या आवृत्तीत हेकेलला ती सुधारावी लागली. तरी १८७४ च्या त्याच्या प्रसिद्ध तक्त्यातही फरक पुसट आणि सारखेपणा फुगवलेला होताच. विल्हेल्म हिस या शरीररचनाशास्त्रज्ञानं तेव्हाच त्याच्यावर सडकून टीका केली होती. पुढे १९९७ मध्ये मायकेल रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या पृष्ठवंशीयांच्या खऱ्या भ्रूणांचे फोटो प्रसिद्ध केले. आकारमान, कायखंडांची (पाठीलगत ओळीनं येणाऱ्या ऊतीच्या गोळ्यांची) संख्या, हातापायांचे अंकुर कधी दिसू लागतात, या सगळ्यांत हेकेलनं दाखवले त्यापेक्षा कितीतरी जास्त फरक त्यांत दिसले. ही गोष्ट वर्गात मोकळेपणानं सांगायला हवी आणि मी सांगते. फक्त तिच्या पुढचं वाक्यही सांगावं लागतं: भ्रूणांत सामाईक वंशाचा पुरावा नाही, असा निष्कर्ष खुद्द रिचर्डसन यांनी काढलेला नाही.

हेकेलचा सिद्धांतही चुकीचा होता. भ्रूण वाढताना पूर्वजांची प्रौढ रूपं एकामागून एक धारण करतो, म्हणजे आधी मासा होतो, मग बेडूक, मग सरडा, असं त्याचं म्हणणं. तसं काही होत नाही. आणि हे हेकेलच्या चाळीस वर्षं आधी कार्ल एर्न्स्ट फॉन बेअरनं लिहून ठेवलं होतं. सस्तन प्राण्याचं अंडं पहिल्यांदा ओळखणारा हा माणूस. १८२८ साली त्यानं मांडलं की उच्च प्राण्याचा भ्रूण कधीच दुसऱ्या प्राण्याच्या प्रौढ रूपासारखा नसतो, तो फक्त दुसऱ्याच्या भ्रूणासारखा असतो. पृष्ठवंशीय म्हणून असलेली सर्वसाधारण लक्षणं आधी उमटतात, जातीची खास लक्षणं नंतर. त्याच्याकडे स्पिरिटमध्ये ठेवलेले दोन छोटे भ्रूण होते आणि बाटल्यांवर चिठ्ठी लावायची राहून गेली होती. मग ते सरड्याचे, पक्ष्याचे की अगदी कोवळ्या सस्तन प्राण्याचे, हे त्याला सांगता येईना. त्यानं ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. फॉन बेअरनं डार्विनचा सिद्धांत शेवटपर्यंत स्वीकारला नाही. म्हणजे सारखेपणाची ही नोंद उत्क्रांतीची बाजू घेणाऱ्यानं रचलेली मुळीच नव्हती.

इथे एक दुरुस्ती. भ्रूण अगदी सुरुवातीला सारखे असतात आणि मग वेगळे होत जातात, हेही पूर्ण खरं नाही. बेडकाचं अख्खं अंडं विभागलं जातं. कोंबडीत बलकावरची एक छोटी चकतीच तेवढी विभागली जाते. सस्तनांत पेशींचा पोकळ चेंडू होतो आणि त्याचा मोठा हिस्सा भ्रूणात जातच नाही, वारेच्या कामी लागतो. सुरुवात वेगळी, शेवट वेगळा, आणि मधे सगळे एका अरुंद गळ्यातून जातात. वाळूच्या घड्याळाची उपमा यासाठीच रूढ झाली. त्या गळ्यापाशी प्रत्येकाकडे पाठीच्या बाजूला पृष्ठरज्जू, म्हणजे आधार देणारी लवचीक दांडी असते, त्यावर पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणारी चेतानलिका असते, दोन्ही बाजूंना कायखंडांच्या रांगा असतात आणि घशाच्या दोन्ही अंगांना कमानी असतात. २०१० नंतर भ्रूणांतल्या जनुकांच्या कामाची मोजदाद झाली, तेव्हाही याच मधल्या टप्प्यात वेगवेगळ्या प्राण्यांची जनुकं सर्वांत जास्त एका सुरात चालताना आढळली.

हा टप्पा डोळ्यांनी बघायचा असेल तर कोंबडीच्या अंड्याइतकं सोयीचं काही नाही. फलित अंडं ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास आडवं ठेवायचं, म्हणजे भ्रूण तरंगत वरच्या अंगाला येतो. ७२ तासांनी बाहेर काढायचं, सुईनं थोडा पांढरा बलक ओढून घ्यायचा, त्यामुळे भ्रूण कवचापासून जरा खाली बसतो. मग वर चिकटपट्टी लावून बारीक कात्रीनं कवचाला खिडकी पाडायची. हात घाईत असला की इथेच नस फाटते आणि सगळं लाल होऊन जातं. नीट उघडलं तर पिवळ्या बलकावर रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं दिसतं आणि मधोमध, सेंटिमीटरभराच्या आतलाच, स्वल्पविरामासारखा वाकलेला भ्रूण. हृदय दुसऱ्या दिवसापासूनच धडधडायला लागलेलं असतं. पाठीलगत कायखंड मण्यांसारखे ओळीनं बसलेले. या प्राण्यात दर दीड तासाला एक नवी जोडी पडते. आता डोळ्याच्या खाली आणि हृदयाच्या वर बघा. तिथे तीन-चार आडव्या पट्ट्या दिसतात, आणि ठोक्यागणिक त्यांतून रक्त पुढे ढकललं जाताना दिसतं.

याच त्या ग्रसनी-कमानी. पुस्तकांत ‘कल्ल्यांच्या फटी’ असं लिहून घोळ घातला जातो तो यांच्याबद्दलच. शार्कच्या भ्रूणात या कमानींमधल्या खाचा आरपार उघडतात, कमानींवर कल्ल्याचे तंतू येतात आणि प्राणी त्यांतून श्वास घेतो. माणसात चौथ्या-पाचव्या आठवड्यात याच कमानी, याच क्रमानं, अशाच रक्तवाहिनी, कूर्चा, स्नायू आणि चेता घेऊन उभ्या राहतात, पण त्यांवर कल्ले कधीच येत नाहीत. बाहेरून खाच, आतून खिसा आणि दोहोंमध्ये पातळ पडदा. पहिल्या जोडीचा हा बंदोबस्त आपण जन्मभर वापरतो: बाहेरची खाच म्हणजे कानाची नळी, आतला खिसा म्हणजे मधल्या कानाची पोकळी आणि घशाकडे जाणारी नळी, मधला पडदा म्हणजे कानाचा पडदा. पुढच्या खाचा बुजतात. एखाद्या बाळात त्या पुऱ्या बुजत नाहीत, मग मानेच्या बाजूला गाठ होते किंवा बारीक छिद्रातून पाझर सुरू राहतो. ते छिद्र मानेवर कुठेही पडत नाही, मानेच्या तिरक्या मोठ्या स्नायूच्या पुढच्या कडेलाच असतं. शस्त्रक्रिया करणाऱ्याला ती वाट घशापर्यंत शोधत जावी लागते, कारण आतलं टोक राहिलं तर गाठ पुन्हा येते.

तिसऱ्या आणि चौथ्या खिशांतून आपल्या पॅराथायरॉइड ग्रंथी तयार होतात. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. मासे पाण्यातून कॅल्शियम घेतात ते कल्ल्यांमधून. २००४ मध्ये ओकाबे आणि ग्रॅहम यांनी दाखवलं की पॅराथायरॉइड घडवायला लागणारं जीसीएम-२ नावाचं जनुक माशांमध्ये कल्ल्यांत काम करतं, आणि कल्ले वाढायलाही तेच लागतं. आपल्याला कल्ले नाहीत हे खरंच, पण कल्ल्यांचं काम सांभाळणाऱ्या ऊतीचा एक वारस आपल्या मानेत बसलेला आहे, आणि तो नेमका त्याच खिशांतून निघतो.

आता वळशांकडे येते. पहिला वळसा स्वरयंत्राच्या चेतेचा, वैद्यकीय भाषेत रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह. मेंदूपासून स्वरयंत्र हातभर अंतरावरही नाही. तरी डाव्या बाजूची ही चेता मानेतून खाली छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळते आणि आल्या वाटेनं वर चढून स्वरयंत्रात जाते. जिराफातही तिचा मार्ग हाच, फक्त तिथे जाण्यायेण्याचा प्रवास काही मीटरांचा. प्रौढ शरीराकडे बघून याचा अर्थ लागत नाही. भ्रूणात लागतो. स्वरयंत्राची ही चेता म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या व्हेगस चेतेची फांदी. माशात व्हेगसच्या फांद्या आपापल्या कमानीच्या रक्तवाहिनीच्या मागून जातात आणि तिथे तो सरळ, आखूड रस्ता असतो. आपल्या भ्रूणातही ही चेता सहाव्या कमानीच्या रक्तवाहिनीच्या मागूनच जाते, आणि त्या वेळी हृदय जवळजवळ हनुवटीखाली असतं. पुढे मान लांबते, हृदय छातीत उतरतं, रक्तवाहिनी त्याच्याबरोबर खाली येते आणि तिच्यात अडकलेली चेताही ओढली जाते.

उजव्या बाजूला पाचव्या आणि सहाव्या कमानींच्या वाहिन्यांचे संबंधित भाग नाहीसे होतात, म्हणून तिथली चेता चौथ्या कमानीच्या वाहिनीला, म्हणजे उजव्या हाताला रक्त नेणाऱ्या धमनीला अडकते आणि थोडी वर राहते. शंभरात एकापेक्षाही कमी माणसांत ही चौथी वाहिनीसुद्धा उजवीकडे विरून जाते आणि हाताची धमनी भलतीकडून निघते. अशा माणसांत उजवी चेता कुठेही न वळता सरळ स्वरयंत्रात जाते. थायरॉइडची शस्त्रक्रिया करणारे याला फार जपून असतात, कारण चेता नेहमीच्या जागी सापडत नाही आणि चुकून कापली जाऊ शकते. माझ्या दृष्टीनं हा निसर्गानं आपणहून करून ठेवलेला प्रयोग आहे. अडकवणारी वाहिनी काढली की वळसा नाहीसा होतो, आवाजाला काहीही होत नाही. स्वरयंत्राला वळशाची गरज कधीच नव्हती.

दुसरा वळसा कानाच्या हाडांचा, आणि तो मला सर्वांत आवडतो. आपल्या मधल्या कानात तीन हाडं आहेत: हातोडी, ऐरण आणि रिकीब. सरड्याच्या कानात एकच आहे, पण त्याच्या खालच्या जबड्यात मात्र आपल्याहून जास्त हाडं आहेत आणि जबड्याचा सांधा आपल्यापेक्षा वेगळ्या हाडांत आहे. १८३७ साली कार्ल राइखर्टनं डुकराच्या भ्रूणांत या हाडांचा माग काढला. हातोडी खालच्या जबड्यातल्या मेकेलच्या कूर्चेच्या मागच्या टोकातून तुटून निघते, ऐरण तिच्याशेजारच्या वरच्या जबड्याच्या कूर्चेतून. सरड्यात याच दोन तुकड्यांचा जबड्याचा सांधा होतो. रिकीब दुसऱ्या कमानीतून येते; माशांत त्याच कमानीचं हाड जबडा कवटीला टेकवून धरतं. राइखर्टनं हे लिहिलं तेव्हा डार्विनचं पुस्तक यायला २२ वर्षं होती आणि या संक्रमणाचे जीवाश्म कोणाच्या स्वप्नातही नव्हते. ते पुढे विसाव्या शतकात सापडले. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गॅन्युकोडॉन या चिचुंद्रीएवढ्या प्राण्यात जबड्याचे दोन्ही सांधे शेजारी शेजारी आहेत, जुना आणि नवा. ओपॉसमसारख्या शिशुधान (कांगारूच्या गटातल्या) प्राण्याचं पिल्लू जेमतेम दोन आठवड्यांच्या गर्भधारणेनंतर जन्मतं तेव्हा त्याच्या जबड्याचा नवा सांधा तयारच नसतो आणि कानाची भावी हाडं मेकेलच्या कूर्चेमार्फत जबड्याला जोडलेली असतात. ती सुटी होतात ते आईला चिकटून दूध पीत असताना.

हाडं सरकली, पण त्यांच्या चेता बदलल्या नाहीत. हातोडीला ताण देणाऱ्या चिमुकल्या स्नायूला चघळण्याच्या स्नायूंचीच चेता जाते, कारण तो पहिल्या कमानीचा. रिकिबीच्या स्नायूला चेहऱ्याची चेता जाते, कारण तो दुसऱ्या कमानीचा. एका बाजूचा चेहरा अचानक लुळा पडलेल्या काही रुग्णांना त्या कानात साधे आवाजही सहन होईनासे होतात. चेहऱ्याच्या आजारात कान का दुखावतो, हे दुसरी कमान माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही.

पाय, दात, शेपटी यांचे वळसे भराभर सांगते. देवमाशांतल्या दात नसलेल्या जातींच्या गर्भात दातांचे अंकुर येतात आणि जन्माआधी विरून जातात. डॉल्फिनच्या भ्रूणात मागच्या पायांचे अंकुर फुटतात, थोडे वाढतात आणि मावळतात. २००६ मध्ये दिसून आलं की तिथे सॉनिक हेजहॉग नावाच्या जनुकाचा संकेतच सुरू होत नाही. माणसाच्या भ्रूणात पाचव्या-सहाव्या आठवड्यात मणक्यांच्या अंकुरांसह शेपटी असते आणि आठव्या आठवड्यापर्यंत ती शोषली जाते. आपल्या आणि इतर बिनशेपटीच्या वानरांच्या टीबीएक्सटी या जनुकात घुसलेला एक छोटासा डीएनए-तुकडा शेपटी जाण्याला कारणीभूत असावा, असं २०२४ मध्ये पुढे आलं. तसाच बदल केलेले काही उंदीर बिनशेपटीचे निपजले. आपल्या भ्रूणाला बलक नसलेला पीतककोश असतो, आणि बलकाची प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांचे मोडके अवशेष आपल्या डीएनएत त्याच जागी पडून आहेत. अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसमध्ये त्यांतलं एक अजून चालू आहे. ‘बलक नाही म्हणजे कोश निरुपयोगी’ असं मात्र म्हणू नका. भ्रूणाच्या पहिल्या रक्तपेशी त्याच कोशाच्या भिंतीत तयार होतात. जुनी गोष्ट टिकते ती बहुधा तिच्यावर दुसरं एखादं काम टेकलेलं असल्यामुळे. पृष्ठरज्जूचंही तसंच. आधार द्यायला आपल्याला तो लागत नाही, पण चेतानलिकेला दिशा देणारे संकेत तोच सोडतो, आणि मणक्यांमधल्या चकत्यांच्या मऊ गाभ्याची सुरुवातही त्याच्यातूनच होते.

अजगराचं एक उदाहरण मात्र घाईत उरकण्यासारखं नाही. सॉनिक हेजहॉग जनुकापासून जवळपास दहा लाख अक्षरं दूर डीएनएचा एक पट्टा आहे, झेडआरएस. पायाच्या अंकुरात हे जनुक चालू करणारं बटण म्हणजे हा पट्टा. २०१६ मध्ये संशोधकांनी उंदराचा झेडआरएस काढून तिथे दुसऱ्या प्राण्यांचे झेडआरएस बसवले. माणसाचा बसवला, पाय नीट आले. सीलाकँथ या माशाचा बसवला, तरी नीट आले. सापाचा बसवला तर उंदराचे पाय खुंटले. मग अजगराच्या पट्ट्यात, सापांच्या वंशात गळून गेलेली १७ अक्षरं परत घालून तो पट्टा बसवला आणि पाय पुन्हा आले. माशाच्या पराला लावलेलं बटण उंदराचा पाय घडवू शकतं, आणि सापात ते नेमकं कुठे मोडलं हे अक्षरं मोजून दाखवता येतं. इथे कुणाच्या चित्राचा प्रश्नच उरत नाही.

यावर एक आक्षेप मला दरवर्षी वर्गात ऐकायला मिळतो, आणि तो विचारणारा विद्यार्थी बहुधा चांगला विचार करणारा असतो: एकाच निर्मात्यानं एकच आराखडा पुन्हा पुन्हा वापरला असेल तरी सारखेपणा दिसेलच ना? दिसेल. म्हणूनच मी सारखेपणावर भर देत नाही. आराखडा पुन्हा वापरणारा उपयोगी भाग उचलेल, पण तो देवमाशाला विरून जाणारे दात देणार नाही आणि आपल्या डीएनएत बलकाची मोडकी जनुकं ठेवणार नाही. जिराफाची चेता छातीपर्यंत नेऊन परत आणण्याचं कारणही त्या कल्पनेतून मिळत नाही. या गोष्टी वारशानं आल्यात असं मानलं की त्या नुसत्या समजतातच असं नाही, त्या कुठे सापडतील हे आधी सांगताही येतं. राइखर्टच्या भ्रूणांवरून जबड्याला दोन सांधे असलेला प्राणी असायला हवा असं निघत होतं, आणि तो खडकात मिळाला.

तेव्हा हेकेलचा तक्ता पुस्तकातून खुशाल काढा आणि त्या जागी खरे फोटो छापा, फरकांसकट, प्रत्येकाच्या आकारमानासकट. आणि कुठे संधी मिळाली तर ७२ तासांचं अंडं उघडलेलं एकदा बघा. डोळ्याखालच्या पट्ट्या वरून मोजत तिसरीवर या. तिच्यातून जाणारं रक्त डोक्याकडे चाललेलं असतं. बघता बघता आपल्या जबड्याखाली, श्वासनलिकेच्या बाजूला दोन बोटं ठेवा. तिथे जी नाडी लागते, ती धमनीही तिसऱ्याच कमानीतून आलेली आहे.